रिलीव्हर आली का? काळजी घेणाऱ्यांच्या मनाचा प्रश्न, सोप्या भाषेत

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका निवासी डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. देशभरातले डॉक्टर रस्त्यावर उतरले. आपल्याकडे 'मार्ड' या निवासी डॉक्टरांच्या संघटनेने संप पुकारला. पुढची चर्चा सुरक्षारक्षक, सीसीटीव्ही आणि कडक कायदे यांच्याभोवती फिरत राहिली. ती व्हायलाच हवी होती. पण एक तपशील मागे पडला. रात्रपाळीतली ती डॉक्टर थोडा वेळ पाठ टेकायला सेमिनार हॉलमध्ये गेली होती, कारण पाठ टेकायला दुसरी जागा नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने २० ऑगस्टच्या आदेशात याचीही नोंद घेतली: छत्तीस-छत्तीस तासांच्या ड्युट्या आणि विश्रांतीसाठी धड खोल्या नाहीत.

काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य म्हटलं की आपल्याला समुपदेशन, ध्यान, सकारात्मक विचार वगैरे आठवतं. प्रश्न त्याआधी सुरू होतो. वॉर्डात पाळी संपत आली की नर्स घड्याळाकडे बघत विचारते, "रिलीव्हर आली का?" आपली जागा घ्यायला कुणी येणार आहे का, कधी येणार आहे, आणि आलेल्या माणसावर भरवसा टाकून घरी जाता येणार आहे का, यावर तिच्या मनाचं बरंचसं आरोग्य ठरतं. घरात अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं करणाऱ्या सुनेचंही तेच. फरक इतकाच की तिच्या घरी हा प्रश्न कुणी विचारत नाही.

काळजी घेणारे म्हणजे कोण?

डॉक्टर आणि नर्स चटकन आठवतात. वॉर्डबॉय, आयाबाई, तंत्रज्ञ, १०८ रुग्णवाहिकेचे चालक, सफाई कामगार सहसा राहून जातात. मृतदेह गुंडाळणारे, रक्त पुसणारे आणि संतापलेल्या नातेवाइकांच्या हाताला पहिल्यांदा सापडणारे हेच लोक असतात.

मग गावातल्या आशाताई. महाराष्ट्रात त्या सुमारे ७० हजार आहेत. कागदोपत्री स्वयंसेविका, म्हणून पगार नाही; कामागणिक मोबदला. बाळंतिणीला मध्यरात्री दवाखान्यात नेण्यापासून कोविडमध्ये घरोघरी ताप मोजण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशातल्या आशांना पुरस्कार देऊन गौरवलं. २०२३-२४ मध्ये राज्यातल्या त्याच आशांना वाढीव मोबदल्यासाठी संप करावा लागला. गौरव आणि पगार यांच्यात आपण नेहमीच गौरव स्वस्त पडतो म्हणून तो निवडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि तिसरा, सर्वांत मोठा गट घरातला. पक्षाघात झालेल्या नवऱ्याची बायको, स्मृतिभ्रंश झालेल्या आईचा मुलगा, स्किझोफ्रेनिया असलेल्या मुलाचे म्हातारे आईवडील. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्यांची बिनपगारी काळजी घेणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी १३४ मिनिटं त्यात जात होती. असं काम करणाऱ्या पुरुषांची ७६ मिनिटं. यात मुलांचं संगोपनही धरलेलं आहे. मुळात हे काम करणाऱ्या पुरुषांचं प्रमाणच स्त्रियांच्या जेमतेम निम्मं होतं.

दमणं वेगळं, बर्नआउट वेगळं

दमलेला माणूस झोपला की ताजा होतो. बर्नआउट झालेला माणूस दोन दिवसांची रजा काढून येतो आणि रुग्णालयाचं फाटक दिसताच त्याच्या पोटात गोळा येतो. १९७४ साली हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर या न्यूयॉर्कमधल्या मानसशास्त्रज्ञाने या अवस्थेचं वर्णन केलं. गरिबांसाठीच्या मोफत दवाखान्यात झोकून देऊन काम करणारे स्वयंसेवक वर्षभरात कसे विझत जातात, हे त्याने पाहिलं होतं. स्वतःही तो त्यांच्यातलाच होता. म्हणजे हा प्रकार पहिल्यांदा टिपला गेला तो कामचुकारांमध्ये नव्हे, सर्वांत तळमळीने राबणाऱ्यांमध्ये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटची तीन लक्षणं दिली आहेत. पहिलं, शक्ती पार संपल्यासारखं वाटणं. दुसरं, कामापासून मनाने तुटणं. "चौदा नंबरच्या आजींना बरं वाटतंय का?" याऐवजी "चौदा नंबरचं काय झालं?" असं तोंडातून यायला लागतं, विनोदाला कडवटपणा येतो. तिसरं, आपल्या कामाचा काही उपयोग नाही अशी खात्री पटत जाणं. दुसरं लक्षण बाहेरच्यांना सर्वांत आधी दिसतं आणि त्यालाच आपण उद्धटपणा म्हणतो. सरकारी दवाखान्यात खेकसणारी प्रत्येक नर्स बर्नआउटची बळी असते असं मुळीच नाही. पण कालपर्यंत हसून बोलणारी अचानक खेकसायला लागली असेल, तर तिची रजेची नोंदवही आधी बघावी.

या वर्गीकरणानुसार बर्नआउट हा आजार नाही. नोकरीतल्या दीर्घकाळ न आवरलेल्या ताणातून येणारी स्थिती आहे. म्हणजे दोष माणसाच्या मनापेक्षा कामाच्या मांडणीत शोधायचा. हे चांगलंच झालं. पण 'नोकरीतल्या' या शब्दाने घरातली सून व्याख्येतूनच बाहेर राहिली. तिचं काम नोकरी नाही, मग तिला बर्नआउट कसा होणार!

आणखी एक जखम

बर्नआउटच्या शेजारीच पण निराळी अशी एक गोष्ट आहे: नैतिक जखम. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ जोनाथन शे यांनी व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना ही कल्पना मांडली. काय करणं योग्य आहे हे माणसाला ठाऊक असतं, पण परिस्थिती किंवा वरचे लोक ते करू देत नाहीत. किंवा चूक आहे ते करायला लावतात. त्यातून जे मागे उरतं ती ही जखम.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत आपल्या डॉक्टर-नर्सना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. एक व्हेंटिलेटर, दोन रुग्ण. ऑक्सिजनचा टँकर रस्त्यात, आणि नातेवाईक विचारतायत "माझ्या बाबांना बेड का नाही?" २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा खंडित झाला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. त्या दिवशी तिथे ड्युटीवर असलेल्यांना "दीर्घ श्वास घ्या, मन शांत ठेवा" सांगून काय साधणार? जखम ताणाची नव्हती.

घरातही ही जखम होते, फक्त तिचा बोभाटा होत नाही. रात्री उठून बाहेर भटकणाऱ्या आईच्या खोलीला कडी घालावी लागते. वडिलांना अतिदक्षता विभागातून घरी न्यायचा निर्णय घ्यावा लागतो, कारण दिवसाचं बिल परवडत नाही. सही करणारा मुलगा पुढची कित्येक वर्षं ती सही मनात पुन्हा पुन्हा करत राहतो.

शरीर हिशेब ठेवतं

"मनाचं काय एवढं, शरीर धडधाकट आहे ना?" असं विचारणाऱ्यांसाठी दोन अभ्यास सांगतो. १९९५ साली अमेरिकेतल्या ओहायोत स्मृतिभ्रंश झालेल्या नातेवाइकांची काळजी घेणाऱ्या १३ स्त्रियांच्या त्वचेवर सारख्या मापाची छोटीशी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. काळजीची जबाबदारी नसलेल्या तशाच १३ स्त्रियांपेक्षा त्यांना सरासरी नऊ दिवस जास्त लागले. अभ्यास छोटा आहे, पण मनावरचं ओझं त्वचेवर मोजता येतं हे त्यातून दिसलं.

दुसरा अभ्यास १९९९ चा, बराच मोठा. आजारी जोडीदाराची काळजी घेणाऱ्या वृद्धांवर चार वर्षं लक्ष ठेवलं. काळजी घेताना ज्यांच्यावर ताण येत होता, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण काळजीची जबाबदारी नसलेल्यांपेक्षा ६३ टक्के जास्त निघालं. हा आकडा अनेक ठिकाणी उद्धृत होतो, पण त्याच अभ्यासाचा दुसरा भाग सहसा सांगितला जात नाही: काळजी घेत होते पण ताण जाणवत नव्हता, अशांच्यात लक्षणीय वाढ दिसली नाही. म्हणजे सेवा माणसाला मारत नाही. एकट्याने, उसंत न मिळता, मदतीविना केलेली सेवा घातक ठरते. सगळा फरक या मधल्या जागेत आहे, आणि तिथे काही करता येतं.

झोपेवर जरा सविस्तर बोलायला हवं

एसटीचा चालक बस सुरू करताना म्हणाला, "मंडळी, मी कालपासून सलग चोवीस तास गाडी चालवतोय, पण काळजी नको, सवय आहे," तर आपण काय करू? उतरून जाऊ. व्यावसायिक वाहनांवरच्या कामगारांसाठी १९६१ सालीच कायदा झाला. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास ही त्यातली साधारण मर्यादा होती. चोवीस तास जागा असलेला डॉक्टर आपल्या माणसाच्या सलाइनमध्ये औषधाचा डोस मोजत असतो, तेव्हा मात्र आपण त्याचं कौतुक करतो.

१९९७ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी जागरणाची तुलना दारूशी करून पाहिली. सतरा तास जागं राहिल्यावर हात आणि नजर यांचा मेळ जितका बिघडतो, तितका तो रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना बिघडतो. चोवीस तासांनंतर सुमारे ०.१० टक्के. आपल्या मोटार वाहन कायद्यात गाडी चालवणाऱ्यासाठी मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे ज्या अवस्थेत पोलीस स्कूटर चालवू देणार नाहीत, त्याच्या तिपटीने वाईट अवस्थेत आपण टाके घालून घेतो.

२००४ मध्ये बोस्टनमधल्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातल्या शिकाऊ डॉक्टरांचे दोन गट तुलनेला घेतले. चोवीस तास आणि त्याहून लांब पाळ्या करणाऱ्यांच्या हातून गंभीर चुका ३६ टक्के जास्त झाल्या. चूक झाली की रुग्णाचं नुकसान होतं आणि डॉक्टरच्या मनात अपराधीपणा घर करतो. त्या ओझ्याखाली झोप आणखी उडते.

आपल्याकडे नियमच नाहीत असं नाही. केंद्र सरकारच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत साधारणपणे आठवड्याला ४८ तास आणि सलग १२ तासांहून जास्त काम नको, असं लिहिलेलं आहे. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृतिदलाने शिफारस केली ७४ तासांची: आठवड्यातून एक चोवीस तासांची ड्युटी, पाच दिवस दहा-दहा तास आणि एक दिवस सुट्टी. बत्तीस वर्षांत ४८ चे ७४ झाले, आणि तरी वॉर्डातल्या निवासी डॉक्टरांना ही शिफारस म्हणजे स्वप्न वाटलं. प्रत्यक्षात काय चालत असेल याचा अंदाज यावरून करावा.

घरातली ड्युटी

रुग्णालयात निदान पाळी असते. घरात सकाळ-दुपार-रात्र एकच माणूस. दर दोन तासांनी कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. कॅथेटरची, म्हणजे लघवीच्या नळीची, पिशवी रिकामी करायची. डायपर. नळीवाटे पातळ जेवण. रात्री तीनला हाक. आणि दिवसा भेटायला येणाऱ्यांसाठी चहा. येणारे म्हणतात, "तू आहेस म्हणून, नाहीतर कोण करतं हल्ली एवढं!" हे कौतुक ऐकायला गोड, पण त्यानंतर तिला "मला आता होत नाही" म्हणायची सोय उरत नाही.

मुंबईच्या केईएम रुग्णालयात घडलेली एक गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण ती या बाजूने फारशी पाहिली जात नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये तिथल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर रुग्णालयातच अत्याचार झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ रोजी त्यांचं निधन होईपर्यंत, जवळपास ४२ वर्षं, केईएमच्या परिचारिकांनी त्यांची काळजी घेतली. आपण त्याला त्याग म्हणतो, माया म्हणतो. ती होतीच. पण ४२ वर्षं हे शक्य झालं ते आणखी एका कारणाने: ती काळजी एका बाईच्या अंगावर नव्हती. पाळ्या बदलत होत्या. जुन्या निवृत्त झाल्या, नव्या आल्या आणि त्यांनी पुढे चालवलं. माया टिकायलाही रिलीव्हर लागते.

परदेशातल्या किंवा पुण्या-मुंबईतल्या मुलांबद्दलही बोलायला हवं, कारण मराठी घरांत हा तिढा फार दिसतो. गावाकडे एक भाऊ-वहिनी आईचं करतात, दूरचा भाऊ वर्षातून दहा दिवस येतो आणि "हे डॉक्टर बदला, आई इतकी बारीक कशी झाली?" म्हणून सुनावतो. त्याच्या बोलण्यात बहुधा स्वतःचाच अपराधीपणा असतो, पण झेलायचा वहिनीने. दूर राहूनही पाळी घेता येते. रात्रीसाठी ब्युरोमधून बाई लावून तिचे पैसे थेट भरणं, मेडिक्लेमची सगळी कागदपत्रं आपल्या अंगावर घेणं, औषधं ऑनलाइन मागवणं, आणि वर्षातून एकदा आलो की पहिल्याच दिवशी भाऊ-वहिनीला चार दिवस कुठेतरी पाठवून देणं. सल्ले त्यानंतर.

"आमच्या वेळी आम्ही केलंच की!"

हा आक्षेप ज्येष्ठ डॉक्टर हमखास घेतात आणि घरात सासूबाई. त्यात तथ्य नाही असं नाही. पण 'आमच्या वेळी' काय होतं ते पाहू. घरात चार बायका असत. म्हातारपणीचा आजार वर्षानुवर्षं लांबत नसे, कारण औषधं तेवढी नव्हती. वॉर्डात आजच्याइतकी यंत्रं, तपासण्या आणि गुंतागुंतीचे रुग्णही नव्हते.

निवासी डॉक्टरने दिवसरात्र रुग्णालयातच राहायचं ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम हॉल्स्टेड या थोर सर्जनने रुजवली. तो स्वतः आधी कोकेनच्या आणि मग मॉर्फीनच्या आहारी गेलेला होता. ज्या माणसाने हे वेळापत्रक आखलं त्याचं शरीर नेहमीच्या शरीरासारखं चाललेलं नव्हतं, एवढं तरी लक्षात ठेवावं.

शिवाय "आम्ही केलं" म्हणणारे टिकलेले असतात. जे टिकले नाहीत, ते सांगायला येत नाहीत.

"पाळी लहान केली की रुग्णाची आबाळ होईल"

हा आक्षेप मात्र गंभीर आहे, झटकून टाकण्यासारखा नाही. पाळ्या लहान म्हणजे पाळ्या जास्त, म्हणजे एकाकडून दुसऱ्याकडे रुग्ण सोपवण्याचे प्रसंग जास्त. आणि नेमकं त्याच वेळी "अहो, त्यांना पेनिसिलिन चालत नाही" हे वाक्य राहून जातं. अमेरिकेत आठवड्याला ८० तासांची कमाल मर्यादा कायम ठेवून एकेका पाळीची लांबी सैल करून पाहणारे दोन मोठे प्रयोग झाले. लांब पाळ्यांमुळे रुग्णांचे मृत्यू वाढले असं त्यांत दिसलं नाही. म्हणजे नुसता घड्याळाचा काटा फिरवून सगळं सुधारेल असं समजणंही भाबडेपणाचं.

पण उपाय दुसऱ्या टोकाला सापडला. 'ओव्हर' देण्याची, म्हणजे पुढच्या पाळीच्या हाती रुग्ण सोपवण्याची पद्धत ठरवून दिली तर? आजार किती गंभीर, आतापर्यंत काय झालं, काय करायचं बाकी, काय बिघडू शकतं, आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवायचं. २०१४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या नऊ बालरुग्णालयांमधून आलेल्या निष्कर्षांत अशा पद्धतीने वैद्यकीय चुका २३ टक्क्यांनी कमी झाल्या. नीट ओव्हर दिली की घरी गेलेल्या डॉक्टरलाही "मी ते सांगितलं का?" म्हणून रात्री दचकून उठावं लागत नाही.

आणि माणसांची संख्या. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामान्य वॉर्डात दर तीन रुग्णांमागे एक नर्स हवी, इतर रुग्णालयांत दर पाचांमागे एक. शिवाय रजा-सुट्ट्यांसाठी ३० टक्के राखीव. आपल्या जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात रात्री जाऊन नुसतं मोजावं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या रुग्णालयांच्या २००२ मधल्या अभ्यासात एका नर्सकडे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी आणि नर्सच्या बर्नआउटची २३ टक्क्यांनी वाढते, असं दिसलं. नर्सला वाचवणं आणि रुग्णाला वाचवणं, दोन्हींसाठी एकच पद भरावं लागतं.

"योग करा, ध्यान करा. एवढं कशाला?"

जरूर करा; काहींना त्याने खरंच बरं वाटतं. डॉक्टरांच्या बर्नआउटवरच्या उपायांचे अनेक अभ्यास एकत्र करून २०१६ मध्ये पाहिलं, तेव्हा बर्नआउटचं प्रमाण ५४ टक्क्यांवरून ४४ टक्क्यांवर आलेलं दिसलं. म्हणजे उपाय लागू पडतात. पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या आढाव्यात अधिक नेमकं कळलं: व्यक्तीने स्वतःपुरत्या केलेल्या उपायांपेक्षा संस्थेने कामाची मांडणी बदलली तर परिणाम जास्त होतो. रजा नाकारणाऱ्या विभागाने तणावमुक्तीची कार्यशाळा भरवली आणि तीही सुट्टीच्या दिवशी, तर त्यात कोण मुक्त होणार?

एक सावधगिरी. वॉर्डात काही भयंकर घडलं की सगळ्यांना लगेच एकत्र बसवून "मन मोकळं करा" म्हणण्याची टूम आहे. अशा एकाच सक्तीच्या बैठकीने पुढचा मानसिक आघात टळत नाही, काहींना उलट त्रास होतो, असं अभ्यासांच्या आढाव्यात आढळलं आहे. त्या वेळी पाणी, चहा, घरी सोडणारी गाडी, दुसऱ्या दिवशी बदली माणूस आणि बोलायचं असेल तर ऐकणारं कुणीतरी, एवढं पुरतं. दर महिन्याला ठरलेल्या वेळी, स्वेच्छेने, डॉक्टरपासून आयाबाईंपर्यंत सर्वांनी बसून कठीण प्रसंगांबद्दल बोलणं ही वेगळी गोष्ट. बोस्टनमध्ये सुरू झालेली अशी बैठकांची पद्धत ब्रिटनमधल्या कित्येक रुग्णालयांत चालते.

डॉक्टर स्वतः मदत घ्यायला कचरतात ते "पेशंटला कळलं तर?" आणि "सरांना कळलं तर?" या धास्तीने. मग स्वतःच स्वतःला झोपेची गोळी लिहून देतात, आणि तिथून नवं संकट सुरू होतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ नुसार उपचारांबाबतची गोपनीयता हा रुग्णाचा हक्क आहे, आणि डॉक्टर रुग्ण झाला म्हणून तो हक्क जात नाही.

"बाई ठेवली म्हणजे जबाबदारी झटकली?"

घरच्या काळजीवाहूला सर्वांत जास्त हे वाक्य बोचतं. म्हणून गोव्यातला प्रयोग सांगतो, कारण तो आपल्या शेजारचा आहे. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसांच्या ८१ कुटुंबांना घेऊन तिथे केलेल्या एका अभ्यासाचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. निम्म्या घरी प्रशिक्षण दिलेले कार्यकर्ते सहा महिने नियमित जात. ते डॉक्टर नव्हते; स्थानिक भाषा बोलणारी साधी माणसं होती, मागे मनोविकारतज्ज्ञांचा आधार होता. आजार काय आहे हे घरच्यांना समजावून सांगायचं, आई तेच तेच विचारते तेव्हा काय करायचं ते दाखवायचं, सरकारी योजनांची माहिती द्यायची, गरज पडली तर तज्ज्ञांकडे पाठवायचं. बाकीची कुटुंबं प्रतीक्षा यादीत होती. मदत मिळालेल्या घरांमध्ये काळजी घेणाऱ्यांचं मानसिक आरोग्य लक्षणीय सुधारलं. महागडं यंत्र नाही, इमारत नाही.

न्यूयॉर्कमधल्या एका दीर्घ अभ्यासात अल्झायमरच्या रुग्णांच्या जोडीदारांना समुपदेशन आणि आधार मिळाला, तेव्हा रुग्णाला संस्थेत हलवण्याची वेळ सुमारे ५५७ दिवसांनी पुढे गेली. म्हणजे मदत घेतल्याने जबाबदारी सुटली नाही; उलट ती दीड वर्ष जास्त पेलता आली.

आपल्याकडे काय आहे? स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या पालकांना काही दिवस उसंत मिळावी म्हणून राष्ट्रीय न्यासाची 'समर्थ' ही योजना आहे. पुण्यात वारज्याला १९९७ पासून कर्करुग्णांसाठी सिप्लाचं परिहार सेवा (वेदना आणि त्रास कमी करणारी शुश्रूषा) केंद्र आहे; तिथे सेवा मोफत आणि घरचं माणूस रुग्णासोबत राहून काळजी घ्यायला शिकतं. मनोविकारग्रस्तांच्या कुटुंबीयांसाठी पुण्यात 'सा' (स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन) आणि ठाण्यात आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) या संस्था वर्षानुवर्षं काम करत आहेत. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही १४४१६ क्रमांकाची मोफत हेल्पलाइन चोवीस तास चालते, मराठीतून बोलता येतं, आणि फोन करायला स्वतः 'पेशंट' असावं लागत नाही. यादी एवढी छोटी आहे आणि बहुतेक शहरांपुरती. गडचिरोलीतल्या किंवा माणदेशातल्या सुनेसाठी यातलं फोनपलीकडे फारसं काही पोचत नाही, हे मान्य करूनच पुढे बोलावं.

फोन लगेच करावा अशा खुणा सांगतो: दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप किंवा भूक उडालेली, "हे एकदाचे सुटले तर बरं" असा विचार येऊन मग स्वतःचीच घृणा वाटणं, रुग्णावर हात उगारला जाणं, झोपेसाठी दारू किंवा गोळी लागणं, आणि स्वतःला संपवण्याचा विचार. शेवटची खूण दिसली तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. "सुटले तर बरं" हा विचार मात्र दमलेल्या जवळपास प्रत्येकाच्या मनात कधीतरी येतो. त्याने कुणी राक्षस होत नाही. झोप आणि मदत यांची थकबाकी फार वाढली आहे, एवढंच त्यातून कळतं.

मग आपण काय करायचं?

"काही लागलं तर हक्काने सांगा" हे वाक्य बंद करावं. कुणीही सांगत नाही. त्याऐवजी वार आणि वेळ सांगावी: "मंगळवारी चार ते आठ मी काकांजवळ बसतो, तू बाहेर जा." जायच्या आधी ओव्हर घ्यावी, वॉर्डात घेतात तशीच, आणि कागदावर. कोणतं औषध किती वाजता, पाणी चमच्याने की नळीने, शेवटची कूस कधी बदलली, काका चिडले तर कशाने शांत होतात, डॉक्टरांचा नंबर, ऑक्सिजनवाल्याचा नंबर, आणि कोणत्या परिस्थितीत तिला फोन करायचा. बाकी कशासाठीही करायचा नाही. चहा-साखर कुठे ठेवली आहे, ते आपलं आपण शोधावं.